रोजचे बायबलवाचन : अध्याय मोजू नका, वचन मुरू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या अनेक मराठी ख्रिस्ती घरांत आपले दैनिक वाचले जाते, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवत आहोत. नव्या वर्षाच्या उपासनेत दरवर्षी एक संकल्प होतो : यंदा सबंध बायबल वाचून काढायचे. हिशेब सोपा असतो. जुन्या करारातले ९२९ आणि नव्या करारातले २६० मिळून ११८९ अध्याय. रोज सव्वातीन वाचले की वर्षात संपले. महिला मंडळात तक्ते वाटले जातात, बायका उत्साहाने खुणा करू लागतात. त्या खुणा कुठे थांबतात हे असे तक्ते चालवणाऱ्या कोणालाही विचारा. रोज तीन अध्याय या गतीने २५ जानेवारीला निर्गम या दुसऱ्या पुस्तकाचा २५वा अध्याय येतो आणि निवासमंडपाच्या, म्हणजे रानात देवासाठी उभारलेल्या उपासनेच्या तंबूच्या, फळ्या, खुंट्या, कड्या नि पडद्यांची मापे सुरू होतात. ३१ जानेवारीला लेवीय हे पुढचे पुस्तक उघडते. फेब्रुवारीत तक्ता कपाटाच्या दारामागे तसाच लटकत राहतो.

वाचन थांबले की बाई स्वतःला दोष देते. आपल्यात भक्ती कमी, असे धरून चालते. आम्हाला हे अगदी चुकीचे वाटते. चूक गतीची आहे. ती लक्षात आणून द्यावी आणि रोजच्या वाचनाने शहाणपण कसे वाढते, कशाने खुंटते, हे नीट मांडावे, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

जिथे बहुतेकींचा हात सुटतो, त्याच निर्गमात ३५व्या अध्यायात २५वे आणि २६वे वचन आहे. निवासमंडपासाठी सूत हवे होते. ज्या बायका मनाने शहाण्या होत्या त्यांनी आपल्या हातांनी सूत कातले, निळे, जांभळे, किरमिजी. बकऱ्यांचे केस कातणाऱ्याही त्याच. तिथे मूळ हिब्रूत 'होखमा' हा शब्द आहे, आणि बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकात ज्ञान म्हणून जो येतो तोही हाच. म्हणजे बायबलमधले ज्ञान ही पुस्तकी माहिती नाही, ते हाताला बसलेले कसब आहे. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या घरातल्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. कांडी भरताना दोरा कधी ताणायचा आणि कधी सैल सोडायचा हे ती वाचून शिकलेली नसते. रोज तेच करता करता बोटांना कळते. वचनाचेही असेच आहे. दिवसाला तीन अध्याय डोळ्यांखालून गेले म्हणून ते कळत नाही. थोडेसेच, पण रोज हाताळले म्हणजे कळते.

थोडे म्हणजे किती? एका बैठकीला सहा ते बारा वचने. कथेचा भाग असेल तर एक अध्याय. घड्याळात वीस मिनिटे. याहून जास्त वेळ सुरुवातीला धरू नये. धरला तर आठवड्यात मोडतो. वेळ आपल्या घराच्या चालीप्रमाणे ठरवावी. पहाटेच हवे असा नियम शास्त्रात कुठे नाही. नळाला पाणी येण्याच्या वेळी कोणी वाचायला बसत नाही. निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या भगिनींना संध्याकाळी पानतंबाखूचे सूप बाजूला ठेवल्यावर बरे पडते, शेतातल्या बायकांना दुपारच्या भाकरीनंतर. वेळेपेक्षा जागा ठरलेली असणे महत्त्वाचे. तीच खिडकी, तोच पाट आणि तिथे बायबल, वही, पेन्सिल आधीच ठेवलेली. पेन्सिल शोधायला उठलेली बाई परत बसत नाही, वाटेत दूध उतू जात असते.

आधी एक छोटी प्रार्थना. ११९व्या स्तोत्राचे १८वे वचन पुरेसे आहे : माझे डोळे उघड म्हणजे तुझ्या नियमशास्त्रातल्या अद्भुत गोष्टी मला दिसतील. मग भाग दोनदा वाचायचा, आणि मोठ्याने. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणाऱ्याला धन्य म्हटले आहे. तिथला हिब्रू शब्द पुटपुटण्याचा आहे. यशयात तोच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि पारव्याच्या घुमण्यासाठी येतो. डोळे मिटून गप्प बसणे त्यात अभिप्रेत नाही, ओठ हलले पाहिजेत. आपल्या आज्या जात्यावर ओवी घोळवत तसेच हे. प्रेषितांच्या कृत्यांत तो कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचत होता आणि फिलिप्पाला ते धावता धावता ऐकू आले, कारण तो मोठ्याने वाचत होता. कानाला पडलेले वचन भांडी घासताना परत वर येते, नुसते डोळ्यांनी वाचलेले सहसा येत नाही.

दुसऱ्या वाचनानंतर वही घ्यायची. शंभरपानी साधी वही, एका दिवसाला अर्धे पान. त्यात तीनच ओळी. या भागात काय म्हटले आहे ते आपल्या शब्दांत. त्यातली कोणती गोष्ट आज करायची आहे. ती कोणाच्या बाबतीत करायची आहे, त्या माणसाचे नाव. तिसरी ओळ बायका टाळतात. याकोब ३ मध्ये जिभेबद्दल वाचले आणि दुसऱ्या ओळीत 'जीभ आवरावी' असे लिहिले तर काहीच घडत नाही. 'जाऊबाईंच्या माहेराविषयी आज बोलणार नाही' असे लिहिले तर संध्याकाळी स्वतःला विचारता येते. याकोबानेच पहिल्या अध्यायात आरशाचा दाखला दिला आहे : आरशात तोंड पाहिले, निघून गेला आणि आपण कसे होतो ते तिथल्या तिथे विसरला. तिसरी ओळ हा विसर पडू देत नाही.

खुणा पेन्सिलीनेच कराव्यात. बायबलचा कागद पातळ असतो; स्केचपेन मागच्या पानावर उतरते आणि दोन वर्षांनी दोन्ही बाजू वाचवत नाहीत. खानापूरकडच्या पावसात पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्याची सवय आहे, ती मोडावी. आतला दमटपणा आतच राहतो, पाने चिकटतात, बुरशी धरते. सुती फडक्यात गुंडाळून उंच, हवेशीर फळीवर ठेवावे. चार-आठ दिवसांनी ऊन पडेल तेव्हा उघडून वारा दाखवावा, पण थेट उन्हात नाही.

आता कुठे बिघडते ते. सर्वांत जुनी खोड म्हणजे डोळे मिटून पुस्तक उघडायचे, बोट ठेवायचे आणि तेच आजचे वचन मानायचे. आता त्याच्या जोडीला मोबाइल आला. सकाळी फुलांच्या चित्रावर एक वचन येते, ते पुढे पाठवले की वाचन झाले असे वाटते. एकटे वचन म्हणजे तोडलेली फांदी, दोन दिवस हिरवी दिसते. यिर्मया २९:११ घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरांवर नेहमी दिसणारे वचन : तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत. मुलीचे लग्न जमेना, नोकरी लागेना, की हे वचन पाठवले जाते आणि महिन्याभरात काही झाले नाही की विश्वास डळमळतो. पण आधीचे १०वे वचन वाचले तर तिथे सत्तर वर्षे म्हटले आहे. हे पत्र बाबेलमध्ये कैद होऊन गेलेल्यांना लिहिलेले होते. त्यांना ५ ते ७ या वचनांत सांगितले आहे की घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे हित चिंता आणि त्यासाठी प्रार्थना करा. एवढे वाचल्यावर ११वे वचन उद्याच्या निकालाचे आश्वासन राहत नाही. लांब पल्ल्याचा धीर देणारे, आणि आपण राहतो त्या गावाची जबाबदारी अंगावर टाकणारे वचन होते. म्हणून साधा नियम : कोणतेही वचन पाठ करण्याआधी त्याच्या वरची दहा आणि खालची दहा वचने वाचावीत.

दुसरी चूक जास्त दुखावते. नीतिसूत्रांतल्या म्हणी कराराच्या अभिवचनासारख्या वाचल्या जातात. २२:६ मध्ये मुलाला त्याच्या मार्गाचे शिक्षण दे, म्हातारपणीही तो त्यापासून फिरणार नाही, असे आहे. मुलगा दारूच्या नादी लागला की आई या वचनापुढे कोसळते, आणि मंडळीतले लोकही तिच्याकडे त्याच नजरेने बघतात. नीतिसूत्रे ही जगाच्या रीतीची निरीक्षणे आहेत, बहुधा असे होते असे सांगणारी. त्याच पुस्तकात २६:४ म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखे उत्तर देऊ नको, आणि लगेच २६:५ म्हणते दे. दोन्ही एकाखाली एक मुद्दाम ठेवली आहेत. कोणत्या वेळी कोणते लागू पडते हे ओळखणे, हेच ते कसब. आणि ज्यांना वाटते की म्हण लावली की माणसाचे दुःख उलगडले, त्यांनी ईयोब वाचावा. ईयोबाच्या मित्रांची बोलणी ऐकायला नीतिसूत्रांसारखीच सुरेख आहेत, तरी ४२:७ मध्ये देव त्यांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. कोलमडलेल्या आईजवळ बसताना हे ध्यानात असावे.

नीतिसूत्रांचे ३१ अध्याय, महिन्याचे ३१ दिवस, म्हणून तारखेप्रमाणे अध्याय वाचण्याची पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक खोट आहे. पहिले नऊ अध्याय सलग उपदेश आहेत, ते पूर्ण वाचावेत. दहाव्यापासून सुटी वचने लागतात. तिथे तीस वचने एका दमात वाचली तर एकही राहत नाही. तारखेच्या अध्यायातले एकच वचन वेचून वहीत उतरवावे. शिवाय तीस दिवसांच्या महिन्यात ३१वा अध्याय गळतो, फेब्रुवारीत तर शेवटचे तीन. तेवढे आदल्या रविवारी वाचून घ्यावेत.

त्या ३१व्या अध्यायावर थोडे अधिक बोलणे भाग आहे. मातृदिनाला आणि लग्नाच्या उपासनेत सद्गुणी स्त्रीचा हा भाग वाचला जातो आणि ऐकणारी प्रत्येक बाई मनात कामांची यादी करते : ती पहाटे उठते, कातते, शेत घेते, रात्री तिचा दिवा मालवत नाही, मी कुठे कमी पडते? यादी म्हणून तो भाग लिहिलेलाच नाही. १० ते ३१ ही बावीस वचने हिब्रूच्या बावीस अक्षरांवरून एकेक सुरू होणारी कविता आहे. सद्गुणी या शब्दाच्या जागी मूळ शब्द 'खायिल' आहे. शूर लढवय्यांसाठी तो वापरतात, आणि रूथ ३:११ मध्ये बवाज रूथला हाच शब्द लावतो. त्या वेळी रूथजवळ ना शेत होते ना चाकर. ती दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी परकी विधवा होती. यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी हे गीत नवरा बायकोसाठी म्हणतो. ते तिच्या गौरवासाठी आहे, तिच्या परीक्षेसाठी नाही. पाळकांना आमची कळकळीची विनंती आहे की हा भाग व्यासपीठावरून वाचाल तेव्हा ३१:१ पासून वाचा. तिथे राजा लमुएलाला शिकवणारी त्याची आई आहे, आणि मुक्यांच्या वतीने तोंड उघड, गरिबांचा न्याय कर, असे ती त्याला ८व्या आणि ९व्या वचनांत बजावते.

एक अध्याय प्रत्यक्ष कसा वाचायचा याचा नमुना म्हणून १ शमुवेल २५ घ्यावा. पुढे राजा झालेल्या दाविदाने शिधा मागायला नाबाल या श्रीमंताकडे माणसे पाठवली, नाबालाने त्यांचा अपमान केला, दावीद चारशे माणसे घेऊन तलवारी बांधून निघाला. पेन्सिलीने फक्त नाबालाची बायको अबीगईल काय काय करते त्याखाली रेघ ओढत जा. ती आधी चाकराचे ऐकून घेते. मालकिणीशी तो मोकळेपणी बोलू शकतो, ही पहिली खूण. ती उशीर करत नाही. गाढवांवर दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरे रांधलेली, भाजलेल्या धान्याची पाच मापे, खिसमिसांचे शंभर घड आणि अंजिरांच्या दोनशे ढेपा लादते. ही मापे वाचताना घाई करू नये. एवढा शिधा घटकाभरात उभा राहिला, म्हणजे या बाईचे कोठार तिच्या हाताखाली होते आणि शब्दांच्या आधी भुकेची सोय करायची असते हे तिला ठाऊक होते. मग ती दाविदापुढे वाकते, पण खोटे बोलत नाही. नवरा मूर्ख आहे हे स्पष्ट सांगते, आणि दाविदाला आठवण देते की उगाच रक्त सांडलेस तर राजा झाल्यावर तेच तुझ्या मनाला टोचेल. घरी आल्यावर नाबाल दारूच्या धुंदीत असतो. ३६वे वचन : उजाडेपर्यंत तिने त्याला थोडे की फार काही सांगितले नाही. ३७वे : सकाळी नशा उतरल्यावर सांगितले. कोणाला कोणत्या घटकेला सांगायचे याची समज या दोन वचनांत आहे, आणि तीन अध्यायांच्या घाईत तीच निसटते. ज्या घरात दारू आणि हात उचलणे आहे त्या घरातल्या भगिनीला कोणी हा अध्याय सहन करण्याचा धडा म्हणून शिकवू नये. अबीगईल गप्प सोसत बसली नाही. घर वाचवण्यासाठी ती नवऱ्याला न सांगता घराबाहेर पडली.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे, आणि तिचे सोने करता येते. आई मराठी बायबल वाचते, मुले कन्नड नाही तर इंग्रजी माध्यमात. देवनागरी त्यांच्या जिभेवर अडखळते. मग कौटुंबिक प्रार्थनेत मुले ऐकल्यासारखे करतात. यावर उपाय म्हणजे एकच भाग दोन भाषांत वाचणे. आईने मराठीत वाचावे, मुलाने कन्नडमध्ये, आणि शब्द जिथे वेगळे पडतात तिथे थांबावे. आपण नीतिसूत्रे म्हणतो, कन्नडमध्ये ज्ञानोक्तिगळु. आपली स्तोत्रे त्यांची कीर्तनेगळु. आपला उपदेशक तिकडे प्रसंगी आहे, कारण कन्नडमध्ये प्रसंग म्हणजे प्रवचन. नीतिसूत्रे १:७ मध्ये मराठी म्हणते की परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा प्रारंभ; कन्नडमध्ये तिथे 'मूल', म्हणजे आपले मूळ, असा शब्द आहे. प्रारंभ मागे टाकून पुढे जाता येते, मुळाला सोडून झाड पुढे जात नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलालाही हा फरक कळतो, आणि पुस्तक हातात धरायला त्याला कारण मिळते. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला लहानपणापासून पवित्र शास्त्र माहीत होते ते आजी लोईस आणि आई युनीके यांच्यामुळे, आणि त्याचे वडील ग्रीक होते. दोन भाषांच्या घरात विश्वास वाढतो याचा दाखला शास्त्रातच आहे.

मराठी भाषांतर कोणते घ्यावे, असे विचारले जाते. ज्यांच्या कानाला जुने वळण बसले आहे त्यांनी ते सोडू नये. पाठ केलेली वचने त्याच शब्दांत असतात. नव्याने सुरू करणाऱ्या मुलीसुनांना सोप्या मराठीतले द्यावे. भाषा बाईला कळली पाहिजे हा आग्रह आपल्याकडे नवा नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळचा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत उतरवले, ते खेड्यातल्या बायकांना वाचता यावे म्हणून. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे हे काम चालू होते. कर्नाटकाच्या डोंगरात जन्मलेल्या या बाईने मराठीत केलेले काम सीमाभागातल्या आपल्या मुलींना कोणी तरी सांगायला हवे.

ज्यांना अक्षर येत नाही त्यांना वगळून चालणार नाही. नहेम्याच्या ८व्या अध्यायात एज्रा शास्त्र्याने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले ते पुरुष आणि स्त्रिया दोघांपुढे, आणि लेव्यांनी, म्हणजे मंदिरसेवकांनी, अर्थ सांगितला म्हणून लोकांना समजले. गल्लीतल्या चार-पाच जणींनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसावे. वाचणारीने तोच भाग तीनदा वाचावा आणि ऐकणारींनी तो आपल्या शब्दांत परत सांगावा. परत सांगताना जे सुटते तेच पुढच्या वेळी आधी घ्यायचे. मोबाइलवर ध्वनिमुद्रित मराठी बायबल मिळते, नजर कमी झालेल्यांना ते फार उपयोगी पडते. मात्र ते लावताना फोनचे नेट बंद करावे, नाही तर मध्येच दुसरेच सुरू होते.

कॅथलिक भगिनींकडे रोजच्या मिस्साची वाचने ठरलेली असतात, त्यांना वेगळा तक्ता लागत नाही. इतरांनी कुठून सुरुवात करावी? उत्पत्तीपासून नव्हे. याकोबाचे पत्र घ्यावे. पाच अध्याय, १०८ वचने. रोज सहा धरली तर १८ दिवस, म्हणजे रविवार उपासनेला सोडून नेमके तीन आठवडे. अध्यायाची हद्द मध्ये आली तर एखादे वचन मागेपुढे करावे. त्यानंतर रूथचे चार अध्याय, मग मार्कचे सोळा. नवा करार पूर्ण करायचा असेल तर आठवड्याचे पाच दिवस रोज एक अध्याय, २६० अध्याय बरोबर ५२ आठवड्यांत होतात. पाच दिवसांच्या या क्रमात शनिवारी नवे काही वाचू नये. आठवड्याच्या वहीतल्या तिसऱ्या ओळी वाचाव्यात आणि ज्या नावापुढे काही झाले नाही ते नाव पुढच्या आठवड्याच्या पहिल्या पानावर घ्यावे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नये, सोडलेल्या वचनापासून तेवढेच वाचावे. भरपाईच्या नादातच तक्ते पडतात.

मंडळ्यांच्या पाळकांनी आणि महिला मंडळांच्या कार्यवाहांनी एवढे करावे : रविवारी उपासना संपताना येत्या आठवड्याचे वाचायचे भाग फळ्यावर लिहावेत, मराठी आणि कन्नड दोन्ही नावांनी. आणि मंडळीच्या कपाटात मोठ्या अक्षरांची दोन-तीन बायबले ठेवून ती म्हाताऱ्या बायकांना घरी न्यायला द्यावीत.

आपल्या विश्वासू,
सीमाभागातील काही मराठी ख्रिस्ती भगिनी
बेळगाव